स्वतःचा लोगो बदलतेय: केळीचं पान ठेवू की नुसता ‘श’?

शाईपट्टी (जळगाव)

मंडळी, माझ्या कामाचा लोगो नव्याने करायला घेतला आहे. इथे छपाईतले, अक्षरातले आणि गिऱ्हाईक म्हणून डिझाइन करून घेणारे असे सगळेच लोक आहेत, म्हणून धागा काढतेय. दुसऱ्याचं काम करताना समोर माणूस असतो, त्याची तारीख असते, ‘आता पुरे’ म्हणणारं कुणीतरी असतं. स्वतःच्या कामात ते कुणीच नसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने नुसते पर्याय साठत जातात.

जुना लोगो असा आहे: तिरपं केळीचं पान, त्यावर माझी इंग्रजी आद्याक्षरं लपेटदार वळणात, आणि पानात हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत ग्रेडियंट. तो केला तेव्हा माझं काम लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड आणि वाढदिवसाचे फ्लेक्स एवढंच होतं. त्या कामाला तो शोभत होता. आता बहुतेक काम पॅकेजिंगचं आहे. केळी वेफर्स, पापड, मसाले, कळण्याचं पीठ, बियाण्यांच्या पिशव्या. गिऱ्हाइकंही आता जळगाव-भुसावळपुरती राहिली नाहीत, नवापूर आणि सुरतेकडूनही कामं येतात.

खरी अडचण पाकिटाच्या मागच्या बाजूला आहे. तिथे एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर, वजन, किंमत, पत्ता असं सगळं बसवल्यावर कोपऱ्यात माझ्या खुणेला जेमतेम सहा मिलिमीटर जागा उरते. तेवढ्या जागेत पान हे पान राहत नाही, हिरवा डाग होतो. आणि वेफर्सच्या पाकिटावर आधीच मोठं केळीचं पान असतंच. म्हणजे माझी खूण गिऱ्हाइकाच्याच चित्राशी भांडत बसते. मला हे पटत नाही. पाकीट त्याचं आहे, माझी खूण तिथे गप्प उभी राहायला हवी.

म्हणून एकच अक्षर घ्यायचं ठरवलंय, माझ्या नावातला ‘श’. एकच रंग, ग्रेडियंट नाही, भोवती वर्तुळ नाही. एका आराखड्यात शिरोरेषा काढून टाकली आहे, अक्षर मोकळं दिसतं. दुसऱ्यात शिरोरेषा आहे. रंगाचं अजून ठरत नाही, केळीचा पिवळा सोडवत नाही.

पान पूर्ण काढावं का? शिरोरेषेचं काय? मोकळेपणाने सांगा.

केळीवाला_रावेर

ताई, तुमचा विचार समजला, पण पान काढू नका असंच सांगेन. आमच्या भागात रावेर, यावल, सावदा, फैजपूर कुठेही जा, माणूस कार्डावरचं नाव नंतर वाचतो, पान आधी पाहतो. माझ्या गल्ल्यात विजिटिंग कार्डांचा गठ्ठा आहे, त्यातून तुमचं कार्ड न शोधता हाताला लागतं ते त्या पानामुळे. सावद्याहून रेल्वेने दिल्लीकडे माल जातो तेव्हापासूनची आमची ओळख आहे ही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुठे बाहेरचे लोक नाव घेऊन केळी मागायला लागले. आता आपल्याच माणसाने पान खाली ठेवलं तर बरं वाटत नाही.

सहा मिलिमीटरचा मुद्दा पाकिटापुरता आहे. कार्डावर, बोर्डावर पान ठेवा की.

रेडियम_अमळनेर

माझा धंदा रेडियम कटिंग आणि बोर्डाचा. मी कापणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

तुमच्या जुन्या लोगोची फाइल माझ्याकडे दोन वेळा आली आहे, एका वेफर्सवाल्याच्या टेम्पोसाठी. ग्रेडियंट रेडियममध्ये होत नाही. एक तर सपाट हिरवा कापायचा, नाही तर प्रिंट मारून वर लॅमिनेशन करायचं, म्हणजे खर्च वाढला. आद्याक्षरांच्या शेपट्या इतक्या बारीक आहेत की कापून झाल्यावर भोवतालचा नको तो भाग सोलताना शेपटीही सोबत उठते. हाताने परत चिकटवावी लागते. माझा हिशेब सरळ आहे: कापून तयार झालेल्या मापात सगळ्यात बारीक रेघ दीड मिलिमीटरच्या खाली गेली की सोलायला त्रास होणारच. टेम्पोच्या दारावर अक्षर मोठं असतं, तिथे भागून जातं. हेल्मेटवर किंवा बुलेटच्या टाकीवर लावायचं म्हटलं की संपलं.

अक्षरातल्या बंद पोकळ्यांकडेही बघा. ‘श’च्या डाव्या बाजूला वरती गाठ असते, तिच्या पोटात छोटा गोल. तो गोल लहान ठेवलात तर रेडियममध्ये तुकडा उडून जातो, आणि रबरी शिक्क्यात शाई भरून तो काळा होतो. आधी पोकळी ठरवा, मग रेघेची जाडी.

रंगाबद्दल एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. उन्हातला फ्लेक्स वर्ष-दीड वर्षाने बघा, लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. म्हणून जुने सगळे फ्लेक्स निळसर दिसतात. तुमचं पान त्या फ्लेक्सवर दोन उन्हाळ्यांनी निळं होईल. पिवळ्यावर ओळख उभी करायची तर उन्हात काय उरतं ते धरून चाला.

रावेरच्या भाऊंना एक सांगतो. आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली. तुपाच्या डब्यावर सूर्यफूल होतं. धंदा संगणकाचा झाला तरी १९९८ मध्ये त्यांनी लोगोत रंगीत सूर्यफूलच घेतलं, आणि २०१७ मध्ये त्या पाकळ्या जाऊन ठिपक्यांची वर्तुळं आली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीनेही फूल टप्प्याटप्प्याने सोडलं. ताईंनी सोडलं तर त्यात गावाशी तुटणं काही नाही.

केळीवाला_रावेर

तुपातून संगणकात जायला त्यांना पस्तीसेक वर्षं लागली भाऊ. ताई अजून केळीच्याच पाकिटांचं काम करतात. फरक आहे.

टंकसाधक (मूळ चोपडा, आता पुणे)

अक्षराबद्दल बोलतो, कारण ‘श’ घेणार असाल तर कुठला ‘श’ हे आधी ठरवावं लागेल. संगणकावरच्या बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे येतात. मराठीत आपण देठाचा श आणि पाकळीचा ल लिहीत आलो, आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं धरली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी रूप दिसतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे. तुमच्या आराखड्यात कुठला आहे ते इथे टाका.

पण फॉन्टातलं अक्षर जसंच्या तसं उचलू नका, ही कळकळीची विनंती. मुक्ता किंवा बलू यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टातून लोगो करायला कायद्याची आडकाठी नाही, पण तेच अक्षर उद्या शेजारच्या मेडिकलच्या बोर्डावर दिसेल. डिझाइनरची स्वतःची खूण तरी हाताने काढलेली हवी. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं आठवा. नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा. अक्षरकार र. कृ. जोशींनी विंडोजमधला मंगल फॉन्ट केला, तोही आयुष्यभर हाताने अक्षर गिरवून झाल्यावर.

बोरू घ्या. रोमन निबचा छाट आणि देवनागरी बोरूचा छाट एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे जाड-बारीकपणा उलट बाजूंना पडतो. इंग्रजी लेटरिंग शिकलेल्या मुलांची देवनागरी अक्षरं परकी दिसतात त्याचं मोठं कारण हेच. पानभर श काढा, त्यातले दोन निवडा, मग कॉम्प्युटरवर जा.

नवापूर_फलाट

शिरोरेषेबद्दल आमच्या गावचा माणूस म्हणून बोलतो. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. दोन्ही लिप्या डोळ्यांसमोर घेऊनच आम्ही वाढलो. गुजराती ‘श’ बघा, आपल्या देठाच्या श सारखाच, फक्त वरची रेघ नाही. तुम्ही शिरोरेषा काढलीत की आमच्याकडचा माणूस ते गुजराती अक्षर म्हणूनच वाचेल. सुरतेचा व्यापारी तर नक्कीच.

तुम्हाला तसं हवं असेल, दोन्हीकडे वाचता यावं म्हणून, तर तो वेगळा विचार आणि चांगलाही आहे. पण मोकळं दिसावं एवढ्यासाठी रेघ काढत असाल तर ओळख दुसऱ्या लिपीत जाईल.

शाईपट्टी

नवापूर, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि सुरतेचं काम करत असल्याने मला ते आधी कळायला हवं होतं. लगेच गुजराती श शेजारी ठेवून पाहिला. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शिरोरेषा राहणार. उलट आता ती जास्त ठळक आणि दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढावी असं वाटतंय, म्हणजे मराठीपण तिथूनच दिसेल.

अमळनेरच्या दादांनी सांगितलेला पोकळीचा नियम लावला. सहा मिलिमीटर उंचीवर गाठीतला गोल लेझर प्रिंटरवर बुजत होता. तो मोठा केला तर गाठ फुगली आणि अक्षर ढोबळ दिसायला लागलं. शेवटी गोल थोडा लंबगोल करून तिरका केला. शिक्क्यावर अजून तपासायचं आहे.

टंकसाधक, माझा श देठाचाच आहे. आईच्या वहीतला आहे तसा.

चोपडा_बायपास

ताई, तुन्हं काम पाह्यं, माले भलतं आवडनं. एक सुचवू का? नुसतं अक्षर कोरडं वाटेल. भोवती वारलीची किनार द्या, नाचणारी माणसं, ढोल, ताडाचं झाड. खान्देशी टच येईल, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला लगेच कळेल कुठल्या मातीचं आहे ते. खाली अहिराणीत एक ओळ टाका.

सातपुडा_पायथा (शहादा)

वारलीबद्दल थांबवते, रागाने नाही, पण स्पष्ट बोलणं गरजेचं आहे. वारली चित्रकला पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार पट्ट्यातल्या वारली समाजाची. २०१४ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा लोक राहतात, त्यांचं घर, त्यांचे दागिने, त्यांची होळी वेगळी आहे. काठी गावच्या राजवाडी होळीला जाऊन या, तिथे वारलीतली ती त्रिकोणी माणसं कुठे दिसणार नाहीत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला ‘आदिवासी म्हणजे वारली’ एवढंच माहीत असतं, आणि आपण इथले लोक तेच त्याला परत विकतो. मी बचत गटांबरोबर काम करते. बायका विचारतात, ताई आमच्या मिरचीच्या पाकिटावर ही कुणाची माणसं नाचताहेत? मला उत्तर देता येत नाही.

दुसरं म्हणजे शाईपट्टी यांची खूण दुसऱ्यांच्या पाकिटावर बसणार आहे. तिच्यावर कुठल्या समाजाचं चित्र असेल तर ते पाकीट त्या समाजाने केलं असा समज होतो. विकणाऱ्याला ते चालत असेल, मला चालत नाही. अक्षर हे तुमचं स्वतःचं आहे. ते पुरेसं आहे.

अहिराणी ओळीला मात्र माझा पाठिंबा. कार्डाच्या मागच्या बाजूला असू द्या, लोगोत नको.

चोपडा_बायपास

बरं शे ताई, हे माहीत नव्हतं. वारली मागे घेतो. ओळीचं तेवढं मनावर घ्या.

धुळेकर_आबा

मी कलाशिक्षक होतो, आता निवृत्त. मुलांना एवढंच शिकवत आलो की रंग शेवटी. आधी काळ्या पेनने पांढऱ्या कागदावर, मग उलट, काळ्यावर पांढरं. दोन्हीकडे उभं राहिलं तर रंगाची पेटी उघडा.

बेटा, बोरूचा श बघायचा असेल तर फार लांब जायला नको. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं (हस्तलिखित वह्या) आहेत, राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं आहेत. विनंती करून बघायला मिळाली तर श कसा बदलत गेला ते बघ. कुणाचा देठ लांब, कुणाचा आखूड, कुणी गाठ नुसती टेकवली आहे. लिहिणाऱ्याने बोरू कधी कापला, शाई कधी पातळ झाली तेही कळतं. छापखान्याच्या खिळ्यांनी (अक्षरांच्या धातूच्या ठशांनी), विशेषतः मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या, या सगळ्यांतलं एक वळण धरलं आणि आपण त्यालाच श समजायला लागलो. तुला त्याच्याही मागे जाता येईल.

तुझी शिरोरेषा बाहेर काढायची कल्पना चांगली आहे, पण उजवीकडे जास्त काढलीस तर पुढे अक्षर यायचं बाकी आहे असं वाटेल. डावीकडे थोडी, उजवीकडे दंडाशी (उभ्या रेघेशी) संपव.

हक्कनोंद

कायद्याचं थोडक्यात. ग्राफिक डिझाइनची सेवा ट्रेडमार्कच्या वर्ग ४२ मध्ये येते. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. १९९९ च्या कायद्यात ‘चिन्ह’ याच्या व्याख्येत अक्षरही आहे, पण एकट्या अक्षराला वेगळेपणा दाखवणं अवघड जातं. म्हणून नुसता ‘श’ शब्द म्हणून न देता काढलेली आकृती म्हणून अर्ज करा, आणि हाताने काढलेलं वळण तिथेही उपयोगी पडेल. अर्ज करायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तो घ्याच.

अर्ज केला की टीएम लिहू शकता. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं कलम १०७ खाली गुन्हा आहे. आपल्याकडे वेफर्सच्या पाकिटांवर तो सर्रास दिसतो, डिझाइनर म्हणून गिऱ्हाइकालाही हे सांगत जा.

आणि कोपऱ्यातल्या तुमच्या खुणेची परवानगी कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंतर मागितली की कुरबुर होते.

शाईपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच काही ठरलं, ते लिहिते.

पान लोगोतून काढतेय. रावेरच्या भाऊंचं म्हणणं मनाला लागलं, म्हणून पुन्हा पुन्हा विचार केला. पण पान केळी उत्पादकांचं आहे, माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. मसालेवाल्या बाईंच्या पाकिटावर किंवा बियाण्याच्या पिशवीवर मी केळीचं पान घेऊन का उभी राहू? माझं स्वतःचं म्हणावं असं अक्षरच आहे. मात्र जुनी गिऱ्हाइकं एका दिवसात गोंधळायला नकोत, त्यामुळे यंदाच्या वर्षभर बिलावर आणि कार्डाच्या मागे पान राहील, एकरंगी, रेषेतलं, ग्रेडियंटशिवाय. भाऊ, तुमच्या गठ्ठ्यात दोन्ही कार्डं पाठवते.

रंग: पिवळा मुख्य रंग नसेल. वेबसाइटवर मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो असा निकष आहे. लोगोला त्यातून सूट आहे, पण पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.०७ ला १ भरतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. सूट आहे म्हणून न दिसणारी खूण लावायची हे मला पटत नाही. शिवाय उन्हाचा मुद्दा आहेच. मुख्य रंग काळा. पिवळा फक्त पार्श्वभूमीला, जिथे जागा मोठी आहे तिथे, त्यावर काळा श. ही जोडी फ्लेक्सवर फिकी पडली तरी काळा राहील आणि अक्षर वाचता येईल.

शिरोरेषा आबांनी सांगितली तशी केली, डावीकडे बाहेर, उजवीकडे दंडाशी बंद. फरक एवढासा आहे पण अक्षर एकदम स्थिर झालं. धुळ्याला बाडं बघायला जाणार आहे. तोवर वळण अंतिम म्हणणार नाही.

अहिराणी ओळ कार्डाच्या मागे येईल. कोणती, ते माझ्या मावशीला विचारून ठरवते. ती धरणगावची आहे आणि तिची अहिराणी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे.

एक प्रश्न उरला. व्हॉट्सअॅपच्या डीपीत गोल कापलं जातं आणि डावीकडे बाहेर काढलेली शिरोरेषा कडेला लागते. अक्षर लहान करू की डीपीसाठी रेघ आखूड असलेलं वेगळं रूप ठेवू?

टंकसाधक

वेगळं रूप नको. दोन रूपं झाली की सहा महिन्यांत तिसरं होतं. गोलात अक्षर किंचित उजवीकडे सरकवा, डोळ्याला मधोमध दिसेल तिथे, मोजून मधोमध नव्हे.

केळीवाला_रावेर

दोन्ही कार्डं पाठवा. पान मागच्या बाजूला का होईना, आहे म्हटल्यावर ठीक आहे. माझ्या पुतण्याचं वेफर्सचं पाकीट नवीन करायचं आहे, तो फोन करेल. त्याच्या पाकिटावर पान मोठं येऊ द्या.

रेडियम_अमळनेर

ताई, कापायची फाइल पाठवाल तेव्हा अक्षर कर्व्ह करून (म्हणजे रेषांच्या आकारात बदलून) पाठवा, आणि शिरोरेषा व दंड वेगवेगळे तुकडे असतील तर वेल्ड करून एकच बाह्यरेषा करा. नाही तर ब्लेड जोडावर दोनदा फिरतं आणि तिथेच रेडियम उचलतं. सहा, पंधरा आणि शंभर मिलिमीटर अशा तीन मापांत नमुना कापून ठेवतो, पैसे नकोत. फक्त आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पंधरा दिवस सोडून पाठवा, तेव्हा लग्नाच्या गाड्यांमुळे मशीनला उसंत नसते.